गोलपोस्टमधला पाहुणचार

"पावणं, जेवलासा काय?"

पेनल्टी मारायला आलेल्या खेळाडूला आमचा गोलकीपर एवढंच विचारायचा. तेही घराच्या दारात उभं राहून विचारावं तशा आपुलकीनं. आता तुम्हीच सांगा, कोल्हापूरचा माणूस याला उत्तर न देता राहील? समोरचा गडबडून "व्हय" म्हणायचा, शिट्टी व्हायची आणि आमच्या गड्यानं चेंडू अडवलेला असायचा.

तो उचगावला फौंड्रीत कामाला होता. मी त्याच्या पुढं बचावात खेळायचो. एकदा मी त्याला यातली मेख विचारली.

"उत्तर देताना डोळं मोकळं सुटत्यात," तो म्हणाला. "जिकडं मारायचंय तिकडं पळत्यात. मी पाय बघतच न्हाय."

त्याचा भाचा त्याच्याच घरात वाढला, त्याच्याच हाताखाली खेळ शिकला आणि ऐन हंगामात शेजारच्या पेठेच्या संघात गेला. यानं बोलणं टाकलं, त्यानं घरी येणं टाकलं. मामी बिचारी दोघांच्या मधे रडकुंडीला आली.

आणि फायनलला काय व्हावं? बरोबरी, शेवटचं मिनिट, त्यांना पेनल्टी आणि मारायला भाचा! अख्खं स्टेडियम उभं. कप जातोय का राहतोय, सगळं एका किकवर. मला मात्र धाकधूक वेगळीच होती. हा आता सख्ख्या भाच्याला पावणं म्हणाला, तर नातं तिथंच संपलं.

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. मग हळूच म्हणाला, "जेवलास काय रं?"

भाच्यानं मान वर केली. "न्हाय, मामा."

शिट्टी झाली, किक बसली. आमचा गडी जागचा हललाच नाही. भाच्याचे डोळे तो बघत होता, पण त्यात त्याला गोलचा कोपरा दिसला नसावा. कप गेला. आमच्या पेठेनं त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, मीही घातल्या. तोवर हा भाच्याच्या मानेला धरून गेटकडं निघालेला.

"चल घरला. मामी वाढून बसलीया."

गेल्या वर्षी आमचा गडी गेला. छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला अजून त्या गोलपोस्टकडं धड बघवत नाही.

मी आता पंच म्हणून उभा राहतो. परवा भाच्याला पेनल्टी मिळाली. चेंडू ठेवून तो थांबला, गोलकीपरकडं बघत राहिला. लोकांना वाटलं, नेम धरतोय. मी जवळच होतो म्हणून ऐकू आलं.

"जेवलोय, मामा," तो पुटपुटला.

शिट्टी माझ्या तोंडातच होती. वाजवायला जरा वेळ लागला.