भाऊजींच्या मशीनची पिन

माझ्या मोठ्या जाऊबाईंचा कोणावर म्हणून विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, डॉक्टरवर नाही, माझ्यावर तर नाहीच नाही. मी वरच्या मजल्यावर राहते, त्या खालच्या. मी चहा करून नेला तरी आधी वास घेतात, मग पितात. आणि सगळ्यात कमी विश्वास विजेवर.

त्याला कारण आहे म्हणा. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तरुणपणी एकदा बाहेर वीज कोसळली आणि शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीच्या हेडफोनमध्ये असा धडाका झाला, की त्या पोरीचा एक कान कायमचा गेला. तेव्हापासून आभाळात जरा गुरगुरलं की जाऊबाई घरभर फिरून पिना उपटतात. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, इस्त्री, हाताला लागेल ते. बोलायची सोय नाही. "जळालं म्हणजे मग रडत बसशील," हे ऐकून घ्यायचं.

इतकी वर्षं ते खपून गेलं, कारण फ्रीज बंद पडल्याने कोणी गुदमरत नाही. पण गेल्या वर्षी भाऊजींची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, फुप्फुसं थकली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. पलंगाशेजारी मशीन, नाकात नळी, दिवसरात्र चालू. वीज गेली तर असावा म्हणून कोपऱ्यात एक सिलिंडर, पण तो तेवढ्यापुरताच.

एका दुपारी ढग गडगडले. मी खाली त्यांच्याकडेच भाजी निवडत बसले होते. जाऊबाई उठल्या. टीव्हीची पिन काढली, फ्रीजची काढली, पलंगापाशी वाकून मशीनचीही काढली आणि इस्त्रीची काढायला आत गेल्या. मशीन केकाटायला लागलं. काय बिघडलं हे कळेपर्यंत वेळ गेला, मग मी धावत जाऊन पिन परत खुपसली. भाऊजींचे ओठ निळसर पडले होते. जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हातात इस्त्रीची वायर, नजर भाऊजींच्या ओठांवर.

 दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "बाहेरून आलेला झटका घरात शिरणारच नाही असं काहीतरी बसवून घेऊ."

झालं! तिथून माझी वरात सुरू झाली. आधी इलेक्ट्रिकचं दुकान. दुकानदाराने एक लांबट स्पाइकगार्ड पुढे केला. "हा लावा काकू, बिनघोर राहा."

"आत काय आहे?"

"आत सगळं आहे."

"उघडून दाखवा."

"उघडला तर गॅरंटी जाईल."

"म्हणजे दाखवण्यासारखं काही नाही," म्हणून जाऊबाई पायरी उतरल्यासुद्धा.

मग एक वायरमन आला. त्याला सगळे मुका म्हणतात, कारण विचारल्याशिवाय बोलत नाही. त्याने दिव्याची एक वायर सॉकेटच्या वीज येणाऱ्या भोकात आणि दुसरी वरच्या अर्थिंगच्या भोकात घालून बघितली. दिवा पेटला नाही. "काकू, प्रोटेक्टर मेन बोर्डात बसवू. पण तो जास्तीची वीज जमिनीत सोडतो, आणि तुमची जमिनीत जाणारी वायरच मेलीय. आधी अर्थिंग करा, मग बाकीचं."

तो गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "मी पाणी आणायला आत गेले, तेव्हा यानेच ओढली असेल."

"वहिनी, मी इथेच उभी होते की!"

"तू त्याच्याकडे बघत होतीस का बोर्डाकडे?"

दुसरा बोलावला. तोही तेच म्हणाला. "एकाच माळेचे मणी," जाऊबाई म्हणाल्या. तिसऱ्याने बोर्ड न उघडताच सांगितलं, "अर्थिंग एकदम झकास. प्रोटेक्टर आत्ता लावून देतो." मला हायसं वाटलं. जाऊबाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. "इतका गोड बोलणारा माणूस फसवायलाच येतो."

माझं डोकं फिरलं. इकडे भाऊजींचा जीव त्या पिनेला टांगलेला, आणि यांच्या चौकशा संपेनात. "मग आता देवालाच बोलवा वायरिंग बघायला!" मी ओरडले.

"चप्पल घाल," त्या म्हणाल्या. "मुक्याच्या घरी जाऊ. दुसऱ्याच्या गळ्यात मारतो ते स्वतःच्या घरी आहे का, बघू दे मला."

माझ्या नवऱ्याला भाऊजींजवळ बसवून आम्ही निघालो. मुक्याच्या आईने दार उघडलं. ना ओळख ना पाळख, जाऊबाई तडक आत, बोर्डासमोर. बोर्डात प्रोटेक्टर नव्हता. "बघ! म्हटलं नव्हतं मी?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मुका आतून आला. रागावला नाही. "आमच्याकडे एक पंखा नि दोन दिवे, काकू. जळले तर दुसरे आणू. आमच्या घरी मशीनवर कोणी नाही."

"आणि अर्थिंग?"

यावर त्याची आईच त्यांना मागच्या भिंतीकडे घेऊन गेली. "हे बघा त्याचं लाडकं. माती ओली असेल तरच वीज जिरते म्हणे, म्हणून उन्हाळाभर मला यात बादली ओतायला लावतो. माझ्या झाडांना पाणी पुरत नाही, पण याला हवं!" जाऊबाईंनी वाकून अर्थिंगच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण उचललं आणि आतल्या ओल्या मातीत बोट घातलं. बोटाला लागलेली माती चोळून बघितली. मग मुक्याला म्हणाल्या, "उद्या या."

तो आला. भिंतीलगत खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, भोवती कोळसा आणि मीठ घातलं. ("मीठ कशाला? लोणचं घालतोय का हा?") वायर वरपर्यंत आणली. या वेळी दिवा लख्ख पेटला. भाऊजींना तेवढ्यापुरतं सिलिंडरवर ठेवून बोर्डात प्रोटेक्टर बसवला, त्यावर बारीकशी हिरवी खूण दिसायला लागली. जाऊबाई स्वतः एका बाजूला पहाऱ्याला उभ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला त्यांनी मला उभं केलं होतं. मुका हत्यारं गोळा करायला लागला. सुटले बाई एकदाची, मी मनात म्हटलं.

"अजून एक काम आहे," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी मशीनच्या पिनेकडे बोट दाखवलं. "ही बाहेर निघणारच नाही असं करता येईल? वरून झाकण लावून, स्क्रूने आवळून?"

"येईल की. पण कशाला? काढतंय कोण?"

"मी."

 मुक्याने पिशवीतून एक झाकण काढलं, पिन आणि बटण दोन्ही झाकून चारी बाजूंनी आवळलं. "अडीनडीला भिंतीवर उंच तो मेन स्विच आहेच," तो हळूच म्हणाला.

"असू दे. त्याला स्टूल लागतं. स्टुलावर चढेपर्यंत माणूस भानावर येतो."

"अगं, एवढं कशाला..." भाऊजी पलंगावरून म्हणाले.

"तुम्ही श्वास घ्या," जाऊबाई त्यांच्यावर खेकसल्या. डोळे भरून आले होते. त्यांनी मुक्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि माझ्या मुठीत कोंबला.

"हा वर तुझ्याकडे ठेव. ढग आले की मी येईन मागायला. काहीबाही सांगेन, शपथा घालेन, रडेनसुद्धा. माझ्यावर अजिबात विश्वास ठेवू नकोस."