मागून आणलेलं कुटार

खाप्याहून आईला घेऊन निघालो, तेव्हा तिने सगळं सामान टेम्पोत चढवू दिलं, फक्त नाताळात बाळ येशूला निजवायची गव्हाण दिली नाही. बाबांनी संत्र्याच्या पेटीच्या फळ्या ठोकून केलेली ती हातभर लांबीची गव्हाण मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. बाबा जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. शेजारचे गुलाबकाका फाटकाशी उभे होते. "नाताळाले या वहिनी," एवढंच म्हणाले. कन्हान नदी मागे पडली तरी आईने गव्हाण मांडीवरून खाली ठेवली नाही.

गाव सोडून तुमच्यातले काही जण कॅनडाला गेलात, काही दुबईला. खापा ते नागपुरातलं हुडकेश्वर या प्रवासाला मी स्थलांतर म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा बापडे. पण सत्तरीला आलेल्या बाईला परकं व्हायला विमान लागत नाही, तासाभराचा रस्ता पुरतो. मी स्वतः मिहानमधल्या कंपनीतल्या नोकरीसाठी कधीच बाहेर पडले होते. पण दर नाताळाला घरी जात होते, म्हणून आपण गाव सोडलं हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. खाप्याच्या घराला कुलूप लागलं तेव्हा आलं.

आमच्या घरची एक रीत खाप्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. गव्हाणीत घालायचं कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, विकत आणायचं नाही. दुसऱ्याच्या दारात जाऊन मागून आणायचं. लहानपणी मी टोपलं घेऊन गुलाबकाकांच्या गोठ्याकडे जायला कुरकुर करायची. तेव्हा आई म्हणायची, "देवाच्या लेकाले दुसऱ्याच्या गोठ्यात जागा मांगा लागली. तुले कुटार मांगाची काहून लाज वाटते वं?" काका काटेकुटे वेचून मऊ कुटार द्यायचे आणि सकाळी काकूंना घेऊन बाळ बघायला यायचे. जन्माची गोष्ट वाचून प्रार्थना होईपर्यंत करंजीला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

इकडे डिसेंबर लागतो तो सांताच्या टोप्यांनी. ऑफिसात आमच्या मजल्यावर मी एकटीच ख्रिस्ती, त्यामुळे झाड सजवायचं काम माझ्याकडे वंशपरंपरेने आल्यासारखं आहे. तक्रार नाही. सगळे प्रेमाने 'मेरी ख्रिसमस' म्हणतात, केकचा पहिला तुकडा मला देतात. सिक्रेट सांतात मला दोनदा मोजेच मिळाले, तेही चालतं. पण गेल्या डिसेंबरात माझ्या सात वर्षांच्या लेकीने, सुवार्ताने, आजीला समजावून सांगितलं, की ख्रिसमस म्हणजे सांताचा बर्थडे. आईने माझ्याकडे पाहिलं. मी ओव्हनकडे पाहिलं.

मग घाईघाईने मी ऑनलाइन गवत मागवलं. सोनेरी, चमचमणारं, गव्हाणीत घालायला. आईने ते हातात घेऊन पाहिलं आणि पुन्हा खोक्यात ठेवलं. "हे राहू दे. मी खाप्याले चालली. गुलाबभाऊ देतीन कुटार." आणि खरंच तिने पिशवी भरायला घेतली. वर्षभर बंद पडलेलं घर, कडाक्याची थंडी आणि ती एकटी. मला रडूच फुटलं. कारण ती एकदा गेली असती तर परत आली नसती, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि थांब म्हणायला माझ्या घरात तिच्यासाठी होतं तरी काय?

शेवटी मी म्हणाले, जाण्याआधी इथे एकदा मागून तर बघू.

आमच्या लेआउटमागच्या रिकाम्या प्लॉटांवर यमुनाबाईंचा म्हशींचा गोठा आहे. दूध त्यांचंच पितो, पण गोठ्याची पायरी मी कधी चढले नव्हते. चोवीस तारखेला संध्याकाळी आम्ही तिघी गेलो. आईने डोक्यावरून पदर घेतला, गुलाबकाकांच्या दारात घ्यायची तसाच, आणि थोडं कुटार मागितलं. यमुनाबाईंनी साहजिकच विचारलं, ढोरं किती आहेत तुमच्याकडे? मग आईने तिथेच, शेणामुताच्या वासात उभं राहून, सगळी गोष्ट सांगितली. नावनोंदणीसाठी पायी केलेला प्रवास, भरलेली धर्मशाळा, अवघडलेली मरिया, गोठा. सुवार्ता एका म्हशीकडे टक लावून ऐकत होती. मी पुस्तकातून वाचून दाखवली असती तर तिने इतकी ऐकली नसती.

यमुनाबाई कुटार भरता भरता थांबल्या. "पहिलटकरीन, अन् संगं बाईमानूस कोनी नोतं?"

"कोनी नोतं," आई म्हणाली.

नाताळच्या सकाळी उपासनेला बसणार, तेवढ्यात बेल वाजली. दारात यमुनाबाई. एका हातात दुधाची बरणी, काखेत जुन्या लुगड्याचं शिवलेलं दुपटं. नातवाचं होतं, तो आता मोठा झालाय. "कुटार टोचते लेकराले," त्या म्हणाल्या. "अन् थंडी पाहा किती पडून राहिली."

आईने ते दुपटं दोन्ही हातांनी घेतलं, बाळाची चिनी मातीची मूर्ती त्यात गुंडाळली आणि गव्हाणीत ठेवली. मग यमुनाबाईंना शेजारी बसवून तिने आमचं शास्त्र, बायबल, उघडलं. मरियेने बाळाला बाळंत्यात गुंडाळलं, हे आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मोठ्याने वाचलं गेलं. पण त्या बाळाला थंडी वाजत असेल हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नव्हतं. करंज्यांचं पहिलं ताट यमुनाबाईंना गेलं आणि सुवार्ताने त्यांना बजावलं, की आज येशूचा बर्थडे आहे, पोटभर खायचं.

आता खाप्याला जाते तेव्हा मी पाहुणी असते, हे मला मान्य करावं लागतं. पण हुडकेश्वरला घर कधीपासून म्हणायला लागले, असं कोणी विचारलं तर मी त्या नाताळच्या दुपारचं नाव घेईन. गुलाबकाकांचा फोन आला होता. "वहिनी, घरी कवा येता?"

आईची पिशवी अजून भरलेलीच कोपऱ्यात होती. तिने पिशवीकडे पाहिलं, मग गव्हाणीतल्या दुपट्याकडे.

"येईन ना भाऊ, उन्हाळ्यात येईन भेटाले," ती म्हणाली. "पन कुटार मांगाले मले आता इथं एक दार भेटलं."