बाभळीखालची जागा

शाळेच्या मैदानात सावली देणारी झाडं मोजकीच होती आणि मी पोचले तोवर ती वाटून झालेली होती. चिंच सातवीच्या मुलींची, दोन्ही कडुनिंब पोरांचे, हापशाजवळचा पिंपळ सहावीचा. मधल्या सुट्टीत डबा खायला जो तो आपापल्या झाडाखाली जाई. वडिलांची बदली झाली म्हणून पाचवीच्या वर्षी मी दौंडहून राहूजवळच्या या वाडीवर आले होते. मला झाड नव्हतं.

सगळं आखून करायची सवय मला तेव्हापासूनच. मी चिंचेखालच्या मुलींना सरळ सुचवलं, की वार ठरवून झाडं बदलून घेऊ, म्हणजे सगळ्यांना सगळ्या सावल्या मिळतील.

“अगं बया, सावलीचं टाइमटेबल!” त्यांच्यातली थोराड मुलगी हसली. “दौंडचं टेसन समजलीस व्हय गं ह्याला?”

मी डबा घेऊन वर्गाच्या पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशीही तिथंच. पायरी तापायची, ते एक वेळ चाललं असतं. पण तिथून मी सगळ्या मैदानाला एकटी दिसायचे. आजही लग्नकार्यात गेले की माझी नजर आधी एकट्यानं जेवणाऱ्या माणसाकडे जाते.

मग एका दुपारी कुंपणाकडून हाक आली. “ए दौंड, हिकडं ये की. चपला मातर काढू नगंस.”

ती माझ्याच वर्गातली. कुंपणालगतच्या बाभळीखाली एकटीच जेवायची. तिच्या घरच्यांनी मेंढरं घेऊन हिंडणं सोडून शेती धरली होती. थोडी मेंढरं अजून दाराशी होती. बाभळीची सावली विरळ, खाली काटे, त्यामुळे ते झाड कुणालाच नको होतं. तिनं कडुनिंबाच्या डहाळीनं दोघींपुरती जागा झाडली आणि आम्ही बसलो. तिची भाकरी नि ठेचा, माझी पोळी नि आईचं लोणचं. पुढं रोज तेच. जेवण झालं की खोडावरचा डिंक काढायचा, पिवळ्या फुलांचे गोंडे कानांत अडकवायचे. सावली सरकली की आम्हीही सरकायचो. मला मैत्रीण मिळाली होती.

लोणच्याची कीर्ती चिंचेखाली पोचली. थोराड मुलीनं मला हापशावर गाठलं.

“उद्यापास्नं आमच्यात ये. लोनचं आन.”

“आम्ही दोघी येतो.”

“तू एकटी ये. तिच्या डब्याला मेंढराचा वास येतो.”

माझी बाभळीखालची मैत्रीण माझ्या मागंच हात धुवायला उभी होती. तिनं ऐकलं आणि हात न धुताच निघून गेली. मला चिंच हवी होती, हे खरं. तिच्याखाली भर दुपारीसुद्धा गार असायचं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन बाभळीकडे गेले. तिनं जागा झाडली नव्हती. काट्यांतच उभी होती.

“हिकडं कशाला आलीस?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “चिंचंखाली गार असतंय.”

“तिथं ठेचा मिळत नाही.”

“लोनचं मागितलंय त्यांनी.”

“मागू देत. तू आधी झाडून घे, भूक लागलीय.”

तिनं डहाळी उचलली. खोडापासून झाडत झाडत ती पार उन्हाच्या कडेपर्यंत गेली.

“दोघींना एवढी जागा कशाला?” मी विचारलं.

“आसू दी,” ती म्हणाली. “चौथीतली ती नवी पोरगी पायरीवर बसलीया बघ. हाक मार तिला.”