पलटणीची आई

बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा मी खापरपणजोबांच्या मागे लागलो. मुलाला फोनवर असं सांगितलं असतं तर तो काळजीत पडला असता, म्हणून त्याला म्हणालो की रिटायर माणसाला काहीतरी छंद हवा. तो बंगळुरूला असतो. रविवारी फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, आणि मी जरा रंगात आलो की त्याला दुसऱ्या कुणाचा तरी फोन येतो. त्याला दोष देत नाही. मीही माझ्या वडिलांशी याहून जास्त बोललो नव्हतो.

माझी सगळी नोकरी कळमनुरीला रेकॉर्ड रूममध्ये गेली. लोकांना त्यांच्या बापजाद्यांच्या कागदांच्या नकला काढून द्यायच्या, हे काम. धूळ खात मी दुसऱ्यांचे पणजोबा शोधले, आणि ज्यांचे सापडले नाहीत त्यांना खिडकीतूनच सांगितलं की कागद नाही तर काही नाही. कुणी फार गयावया केली की मी चष्मा काढून पुसत बसायचो, म्हणजे त्यांनी ओळखून निघावं. आता आठवलं की लाज वाटते.

माझ्या स्वतःच्या खापरपणजोबांबद्दल घरात एकच वाक्य होतं. वडील म्हणायचे, आपला म्हातारा पलटणीत होता, साहेबाच्या राज्यात. नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. मुलाच्या जात पडताळणीसाठी वंशावळ लिहिली, तेव्हा पणजोबांपाशी माहिती संपली आणि त्यांच्या वरची जागा मी तशीच सोडली. तेव्हा घाईत होतो. आता वेळच वेळ होता. नाव तर मला हवंच होतं, पण गावकुसाबाहेरच्या आमच्या घरातला एक माणूस गणवेश घालून ताठ उभा राहिला होता, याची मला खात्री हवी होती. आणि खरं सांगायचं तर त्या रिकाम्या घरात मला आपलं असं कुणीतरी हवं होतं. जिवंत माणसांना वेळ नव्हता, म्हणून मेलेल्याला धरलं.

हिंगोलीची छावणी कधीच मोडली, पण तिची नावं मोहल्ल्यांना चिकटून राहिली आहेत. तोफखाना, रिसाला, सदर बाजार, पलटण. आखाडा बाळापूरहून सकाळची एसटी धरून मी पलटणीत पोचलो आणि एका चहाच्या हॉटेलात बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या बुजुर्गांना मोठ्या अदबीने सांगितलं की आमचे खापरपणजोबा पलटणीत होते. त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "पलटन में तो हम भी हैं, साहब. पैदाइश से हैं. बंदूक कभी हाथ में नहीं ली."

हॉटेलातले सगळे हसले. मीही हसलो, पण चहा निम्मा ठेवून उठलो. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? पलटणीत होता म्हणजे पलटणीत राहत होता, एवढंच असेल. घोड्यांना गवत टाकत असेल, साहेबांच्या बंगल्यांवर झाडलोट करत असेल. त्यात कमीपणा नाही हे मला कळतं, पण मी घरून शिपाई शोधायला निघालो होतो. परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं लावून बसलो आणि स्वतःवर चिडत राहिलो.

ओळखीतल्या एका इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारलं. भले गृहस्थ. त्यांनी समजावलं की जुन्या याद्या असतात, काही इथे, काही विलायतेत, पण शिपायाचं नाव आणि पलटणीचा नंबर असल्याशिवाय त्यात हात घालता येत नाही. त्या काळी मेडल मिळालं असेल तर त्याच्या कडेला हे दोन्ही कोरलेलं असतं, ते बघा, म्हणाले. म्हणजे नाव शोधायला आधी नाव पाहिजे. हेच मी खिडकीत बसून लोकांना इतक्यांदा ऐकवलं होतं की चिडायचं तरी कुणावर?

मग आत्या आठवली. वडिलांची धाकटी बहीण, जवळा बाजारला असते, ऐंशीच्या आसपासची. तिचे यजमान गेले तेव्हा मी गेलो होतो. त्याला बारा-तेरा वर्षं झाली, नंतर पाऊल टाकलं नाही. जायचं जायचं म्हणता राहूनच गेलं. बाजाराच्या दिवशी गेलो, गर्दीतून वाट काढत तिच्या घरापाशी पोचलो, तर ती दारातच खाटेवर बसलेली. नजर गेलेली. मी हाक मारली आणि तिनं आवाजावरून ओळखलं, माझ्या वडिलांचं नाव घेऊन म्हणाली, त्याचाच ना तू. एकटीच राहते. शेजारची सून भाकरी आणून देते.

ती प्रकृतीचं सांगू लागली. गुडघे, झोप, डोळ्यांचं ऑपरेशन. मी हूं हूं करत होतो आणि मध्येच तोडून विचारलं की आपला म्हातारा खरंच फौजेत होता का.

"व्हय की," ती म्हणाली. "पलटणीची आई व्हती ना आपल्या देव्हाऱ्यात."

मला वाटलं, म्हातारीचं लक्ष भरकटलं. पण ती सांगत गेली. दीक्षा घ्यायच्या आधी घरात देव होते, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले टाक. त्यांच्यात एक गोल, जाड, रुपयाहून मोठा. त्याच्यावर बाईचं तोंड, एका बाजूला पाहणारं, मागे अंबाडा, वर अडकवायला कडी. तिला पलटणीची आई म्हणायचे. सणाला चिंच लावून घासायची, हळदीकुंकू वाहायचं, नव्या नवरीनं पहिलं हिच्या पाया पडायचं.

मी हसायला लागलो. ते मेडल होतं, आणि आमच्या घरच्या बायका पिढ्यान् पिढ्या त्यावरच्या विलायतेच्या राणीला कुंकू लावत होत्या. आत्याला सांगितलं तेव्हा तीही पदरात तोंड घालून हसली. किती महिन्यांनी मी कुणासोबत हसत होतो. मग मला पुढचा प्रश्न सुचला. कडेला काही लिहिलेलं होतं का?

"मुंग्या चालल्यावानी व्हतं कायतरी," आत्या म्हणाली. "घासून घासून निम्मं गेलं व्हतं."

तो शिपाईच होता. त्या मुंग्या म्हणजे त्याचं नाव. मी तिचा हात धरला आणि विचारलं, कुठंय ते आता?

कयाधूत, ती म्हणाली. दीक्षेनंतर आजोबांनी सगळे देव फडक्यात बांधून नदीला नेले होते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या घरात ते अभिमानानं सांगितलं जायचं. आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांची, त्यांच्याबरोबर गेलेली. आजोबांनी एकेक टाक पाण्यात सोडला आणि हा शेवटचा हातात धरून बराच वेळ उभे राहिले. तिनं म्हटलं, बाबा, हा तर म्हाताऱ्याचा बिल्ला हाये, ठेवू की.

"तर म्हनले, बिल्ला व्हता तवर ठेवायचा व्हता. आता त्याला कुकू लागलं. एक ठेवला तर समदे वापस येतेत." आत्यानं हात झटकून दाखवला. "दिला टाकून."

मला आजोबांचा भयंकर राग आला. ते बरोबर होते हेही कळत होतं. त्या दिवशी त्यांनी हात आखडला असता तर मी कुठल्या खिडकीत बसलो असतो कुणास ठाऊक. पण नाव गेलं होतं, जाणूनबुजून गेलं होतं, आणि आता ते जगात कुठेही मला सापडणार नव्हतं. मला रडू आलं. आत्याला दिसत नव्हतं, म्हणून आवाज न करता रडून घेतलं.

परतीची औंढ्याची गाडी साडेचारला होती. मी डोळे पुसले, येतो म्हणालो, चपला घातल्या. तिनं थांब म्हटलं नाही, चहाचं विचारलं नाही. खाटेच्या कडेला हात ठेवून माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून बसली होती.

"नाव तर गेलं नदीत," ती म्हणाली. "आता तू काहून येशील, लेकरा?"

तुलाच भेटायला आलो होतो, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. मी ते गिळलं, चपला काढल्या आणि तिच्या गुडघ्यांचं काय झालं ते पहिल्यापासून विचारलं.