डब्यातला आवाज

कपडे दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना गल्लीत सगळे खुळखुळाबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पँट आखूड करायची, चेन बदलायची, फाटक्या खिशाला नवा कपडा लावायचा, असली कामं त्या घराच्या पुढच्या खोलीत करत. पँट फाटेल पण बाईंनी लावलेला खिसा फाटायचा नाही. नवरा आजारी पडला तेव्हा औषधाला घरात दमडी नव्हती आणि तो गेला. तेव्हापासून पैशाच्या बाबतीत त्यांनी जी धास्ती घेतली ती घेतलीच.

पदरात एकच लेक, नऊ-दहा वर्षांची. शाळेतून बसने परत यायला त्या तिला एक मोठं नाणं देत. तिकीट काढून एक छोटं उरायचं, ते संध्याकाळी पत्र्याच्या डब्यात पडलंच पाहिजे असा दंडक होता. मग बाई डबा कानाशी धरून हलवायच्या आणि म्हणायच्या, "थेंबे थेंबे तळे साचे, कळलं का चिमणे?"

एकदा कंडक्टरने सुटे नाहीत म्हणून उरलेलं परत दिलंच नाही. पोरगी रिकाम्या हाताने आली. बाई ओरडल्या नाहीत. डबा हलवला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अशानेच तुझे बाबा गेले." बोलून गेल्या आणि मशीनवर बसल्या. त्यांना वाटलं, धडा दिला.

त्यानंतर डबा रोज वाजू लागला. पोरगी मात्र उशिरा यायला लागली. विचारलं की म्हणायची, "गाडीच उशिरा येते." बाईंच्या हातात काम असायचं, आणि नाणं वेळेवर पडतंय म्हटल्यावर त्यांनी खोलात जायचं कशाला?

एका संध्याकाळी दिवे लागले तरी पोरगी आली नाही. बाई मशीन तशीच टाकून थांब्यावर धावल्या. एक बस आली, गेली. दुसऱ्या बसच्या कंडक्टरला त्यांनी गाठलं.

"तुमची मुलगी? ती आठवडाभर गाडीत चढलीच नाही, ताई."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. बस नाही, तर मग रोज येते कशी? कुणाबरोबर? त्या शाळेच्या दिशेने चालत सुटल्या. पुढचा रस्ता गोदामांचा. दिवे नाहीत, ट्रक अंगावर आल्यासारखे जाणारे, आणि कुत्र्यांची टोळी. नको नको ते डोळ्यांसमोर यायला लागलं. हाका मारता मारता घसा कोरडा पडला.

एका बंद शटरपाशी पायरीवर पोरगी दप्तर छातीशी धरून बसली होती. समोर कुत्री. बाईंनी दगड उचलला, कुत्री पांगली. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि लेकीला कवटाळायला हात पुढे केले. पोरगी दचकून मागे सरकली. मूठ उघडून म्हणाली, "आणलंय आई, आहे. दुकानातून मोड करून घेतलीय."

"तू रोज चालत येतेस?"

"कंडक्टरने परत नाही दिलं तर?"

घरी आल्यावर बाईंनी दप्तर झटकलं. आतल्या अस्तराला चोरखिसा शिवलेला होता. वेडेवाकडे टाके, पण दुहेरी, आईचे बघून बघून उचललेले. त्यात तिकिटाचे वाचलेले सगळे पैसे होते.

"हे डब्यात का नाही टाकलंस गं?"

"हे तुझ्या औषधाचे," पोरगी म्हणाली. "एखाद्या दिवशी नाणं नाही मिळालं तर तू पण जाशील ना, बाबांसारखी?"

बाईंनी लेकीला जवळ ओढलं, म्हणाल्या, "नाही गं, तसं नसतं. मी खोटं बोलले." पण पोरगी ऐकत नव्हती. एका हाताने तिने हातातलं नाणं डब्यात टाकलं आणि डबा आईच्या कानाशी नेला.

"हलव ना आई. एकदा हलव. मग मी झोपते."

बाईंनी डबा हलवला.