अण्णा वकिलांकडची मृत्युपत्रं

वकिलाच्या घरी किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक येतात, चपला काढतात, भांडण सांगतात आणि जाताना किस्सा ठेवून जातात. त्यातही वकील जर मृत्युपत्रं लिहिणारा असेल, तर मग विचारूच नका!

मी कुंभकोणात अण्णा वकिलांच्या हाताखाली काम शिकलो. राज्य साहेबाचं, कायदा साहेबाच्या कोर्टातला, पण अण्णांची कचेरी म्हणजे त्यांच्या घरचा पुढचा ओटा. तिकडे त्याला तिण्णै म्हणतात. ओट्यावर तमिळ चाले, उंबऱ्याच्या आत आमची जुनी तंजावरी मराठी. अण्णांना अख्खं गाव अण्णाच म्हणे.

अण्णांची बायको आधीच गेली होती. घर सांभाळायची ती गोदाक्का, त्यांची बहीण. तिचं लहानपणी लग्न झालं आणि सासर बघायच्या आतच ती विधवा झाली. अण्णांचा एकुलता मुलगा मद्रासला नोकरीत होता. कुंभकोणचं घर विकून तिकडे बंगला बांधायचा, हे तो उघड बोलायचा. आणि त्या काळच्या कायद्यात मुलगा असताना बहिणीला भावाच्या घरात कवडीचा हक्क नव्हता. अण्णांनी काही लिहून न ठेवता डोळे मिटले असते, तर गोदाक्का दुसऱ्याच्या दयेवर. एवढं मला शिकाऊ माणसालाही कळत होतं.

सगळ्या गावाची मृत्युपत्रं लिहिणाऱ्या या गृहस्थाने स्वतःचं मात्र लिहिलं नव्हतं!

*

मृत्युपत्र करायला आलेला माणूस सगळं बोलतो, फक्त मरणाचं बोलत नाही. कोणी म्हणे, "देव बोलावील तेव्हा." कोणी म्हणे, "वैकुंठाला पोचल्यावर." आडुतुरैचे एक मोठे जमीनदार आले, ते नुसतं "अप्पुरम" म्हणायचे. म्हणजे तमिळमध्ये "नंतर".

"अप्पुरम म्हणजे कधी?" अण्णांनी विचारलं.

जमीनदारांनी बोट वर केलं.

अण्णांनी छताकडे पाहिलं. "माडीवर राहायला गेल्यावर का?"

*

या अप्पुरमने एकदा खरंच घात केला. पितळेच्या भांड्यांचे एक व्यापारी होते, आपल्यातलेच, मराठी. वकील कशाला म्हणून त्यांनी घरीच बसून मृत्युपत्र लिहिलं. "मेल्यावर" हा शब्द हाताने लिहवेना, म्हणून लिहिलं, "मी काशीला गेल्यावर घर दोन्ही मुलांनी निम्मं निम्मं वाटून घ्यावं."

आणि पुढच्या साली गृहस्थ खरोखर काशीला गेले!

गंगेचे गडू घेऊन परत येतात तो घराला दोन दारं आणि मधल्या सोप्यात भिंत. म्हातारा तसाच, प्रवासाच्या कपड्यांत, आमच्या ओट्यावर आला. मागोमाग दोन्ही मुलं.

अण्णा मुलांना म्हणाले, "बाप जिवंत परत आलाय, हे तरी मान्य अहे ना?"

"मान्य अहे," धाकटा म्हणाला. "पण ते काशीला गेले होते, हेही तुम्ही मान्य करा!"

भिंत पडली, पण म्हाताऱ्याचं मन काही जुळलं नाही. तो पुढे बरीच वर्षं जगला आणि जेवायला कुठल्या बाजूला बसायचं, हे रोज विचारत राहिला. मला त्याची आठवण आली की अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून अण्णांनी नियम केला. पक्षकाराने त्यांच्यासमोर स्वतःच्या तोंडाने "मी मेल्यावर" म्हणायचं. म्हटल्याशिवाय अण्णा लेखणी उचलत नसत. लोक घाम पुसत, ताक मागत, देवाचं नाव घेत आणि शेवटी म्हणत. म्हटल्यावर बहुतेकांचा चेहरा हलका होई. ते बघायला मला फार आवडायचं.

*

दुसरा नियम एका गाईमुळे झाला.

तिरुवलंचुळीच्या एका म्हाताऱ्याने लिहून ठेवलं होतं, "मागचं घर आणि गोठा लक्ष्मीला." लक्ष्मी म्हणजे त्याची विधवा सून. म्हातारा वारला आणि थोरला मुलगा कोर्टात उभा राहिला. म्हणाला, "लक्ष्मी आमच्या गाईचं नाव. बापाचा तिच्यावर भारी जीव. गोठा तिचाच लिहिलाय, बघा!"

त्याचा वकीलही असा की गाईचं वय, रंग आणि दूध यांचे साक्षीदार घेऊन आला. मुन्सफ गोंधळले. ती सून बिचारी कोपऱ्यात उभी. एका जनावराशी आपली बरोबरी चाललीय, हे तिला कळत होतं. मला त्या वकिलाची मान धरावीशी वाटत होती.

अण्णा शांतपणे उठले आणि थोरल्याला विचारलं, "मागच्या घराची किल्ली कोणाकडे असायची?"

"लक्ष्मीकडे," तो बोलून गेला.

"कमरेला लावायची, की शिंगाला?"

मुन्सफ हसले आणि सूनबाईंचं घर वाचलं. अण्णा मात्र तिथून तडक घरी आले. ओट्यावर बसल्यावर म्हणाले, "आजपासून ज्याला काही द्यायचं, त्याच्या बापाचं नाव घालायचं. बाई असेल तर नवऱ्याचंही. गाईला दोन्ही नसतात."

*

एक सावकार तर दर दिवाळीच्या आधी यायचे आणि मृत्युपत्र बदलायचे. कधी थोरल्याला मळा, कधी धाकट्याला. दिवाळीच्या तोंडावर त्यांची मुलं त्यांचे पाय चेपायची म्हणे!

अण्णा एकदा वैतागून म्हणाले, "तुम्ही मृत्युपत्र कुठे करता? तुम्ही मुलांची हजेरी घेता!"

मी संधी साधली. "अण्णा, मग तुमचं कधी?"

"मला वकील कोण मिळेल रे? मी फार त्रासदायक पक्षकार अहे," ते म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.

माझी चिडचिड व्हायची. दुसऱ्याच्या बायकामुलींसाठी कोर्टात भांडणारा हा माणूस घरातल्या बाईच्या बाबतीत पान चघळत बसतो! आता वाटतं, दुसऱ्याकडून वदवून घ्यायचं आणि स्वतः म्हणायचं, यात पुष्कळ अंतर असावं.

*

मुलगा एकदा सुट्टीत आला होता. जेवताना म्हणाला, "आत्याची काळजी करू नका. मद्रासच्या बंगल्यात तिला एक खोली देऊ."

मुलगा वाईट नव्हता. मनापासून बोलत होता.

गोदाक्का सार वाढत होती. तिने विचारलं, "खोलींत चूल अहे कां?"

"चूल कशाला? सगळ्यांचा स्वयंपाक एकच होईल."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला.

अण्णांनी मान वर केली नाही. त्या दिवशी ते भात टाकून उठले.

*

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांना दम लागायला लागला. ओट्यापर्यंत येववेना. वैद्य नाडी बघून माझ्याशी बोलले, अण्णांशी बोलले नाहीत. त्याच दुपारी अण्णांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सब-रजिस्ट्रारांना घेऊन ये. पक्षकार अंथरुणाला खिळलाय म्हणून सांग."

सब-रजिस्ट्रार घरी आले. मी कागद घेऊन बसलो आणि वर अण्णांचं नाव घातलं, "मी, भीमराव." हे नाव मीसुद्धा फक्त कोर्टाच्या कागदांवर पाहिलेलं. गोदाक्का दाराआड उभी होती.

"मी मेल्यावर," अण्णा स्वच्छ आवाजात म्हणाले, "हे माझ्या स्वतःच्या कमाईचं राहतं घर, विहीर आणि परसासकट, विकण्याच्या हक्कासकट, माझी बहीण गोदावरी हिला."

मी लिहिलं. बापाचं नाव घातलं. "आणि नवऱ्याचं?"

अण्णा थांबले. त्यांना ते ठाऊकच नव्हतं. गोदाक्काचं लग्न झालं तेव्हा ते पाळण्यात होते. नवरा मुलगा पटकीने गेला आणि घरात त्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. आईवडील जाऊनही जमाना झाला होता.

"बापाचं नाव चालेल," सब-रजिस्ट्रार म्हणाले.

"चालणार नाही," अण्णा धापा टाकत म्हणाले. "मी जन्मभर कोणाचं चालवून घेतलं नाही. उद्या कोणी बोट ठेवील. अक्का, नाव काय गे त्यांचं?"

दाराआडून नाव कसं येणार? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तिला परकर नेसायच्या वयात शिकवलेलं. अण्णांचा श्वास वर वर चालला होता. मी दाराशी गेलो. "अक्का, सगळं घर त्या एका नावावर अडलंय हो!"

गोदाक्का बाहेर आली. परक्या पुरुषासमोर ती आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तिने हात उचलला आणि अण्णांकडे बोट केलं.

"ते भाऊ, अम्मा," सब-रजिस्ट्रार समजुतीने म्हणाले. "नवऱ्याचं नाव सांगा."

तिने बोट हलवलं नाही. "तेंच," ती म्हणाली.

माझी लेखणी थांबली. पाठच्या धाकट्या भावाला ही बाई अण्णा का म्हणते, असं कोणी विचारलं की गाव सांगायचं, वकील झाला म्हणून मान देते. पण अण्णा मला एकदा बोलले होते की, त्यांना बोलता येत नव्हतं तेव्हापासून ते अण्णाच. तिने म्हटलं म्हणून घराने म्हटलं, घराने म्हटलं म्हणून गावाने.

मी लिहिलं, "कैलासवासी भीमराव यांची पत्नी."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात उचलत नव्हता. मी लेखणी त्यांच्या बोटांत दिली, तरी त्यांचं कागदाकडे लक्षच नव्हतं.

"अक्का," ते म्हणाले, "मज एकदा नांवाने हाक मार."

गोदाक्काने त्यांचा हात धरून कागदावर ठेवला.

"आधी सही कर, अण्णा."