टँकरचं पाणी, ट्रॅक्टरचं चाक

बहात्तरच्या दुष्काळात मी चाकणला ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात फिटर होतो. आमच्या गावच्या सरपंचांचा छोटा ट्रॅक्टर होता. दुष्काळी कामावर तो खडीची ट्रॉली ओढायचा. चढावर त्याची मागची चाकं जागच्या जागी फिरायची. अशा वेळी चाकात पाणी भरतात. वजन वाढतं आणि चाक जमीन धरतं.

सरपंच मेले म्हणून मी त्यांना सोडणार नाही. तेव्हा घडलं तसंच लिहितो.

त्यांच्या अंगणात मी चाक जॅकवर घेतलं, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणला, पिन काढली. गड्याने विहिरीच्या तळातलं पाणी आणलं. नुसता चिखल.

"हे चालायचं नाही," मी तोऱ्यात म्हणालो. "गाळ अडकला की पिन बसत नाही. स्वच्छ पाणी पाहिजे."

सरपंच हसले. "मग टँकर कशाला येतोय रे मेस्त्री?"

गावाचा पिण्याच्या पाण्याचा टँकर त्या दिवशी आधी त्यांच्या अंगणात शिरला. पाइप मी धरला. दोन्ही चाकं भरेपर्यंत सोडला नाही. कुंपणापलीकडे बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. त्यांत माझी वहिनी.

"भावजी, चाकाला लई तहान लागली व्हय?" ती ओरडली.

बायका हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

पुढे चावडीपाशी पाणी अपुरं पडलं. मागे राहिलेल्यांचे हंडे कोरडेच राहिले आणि आरडाओरडा सुरू झाला. सरपंच ओट्यावर उभे राहून टँकरच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवत म्हणाले, "हा बाहेरचा माणूस वाटेत हॉटेलवाल्यांना पाणी विकतो."

ड्रायव्हर परभणीकडचा होता. तो हात जोडून म्हणाला, "म्या एक थेंब इकला न्हाई, मालक. ह्या मेस्त्रीला इचारा की!"

"बोल रे," सरपंच मला म्हणाले.

"मी चाकापाशी वाकलो होतो. मला काय ठाऊक?"

खरं काय ते अर्ध्या गावाने पाहिलं होतं. पण दुष्काळी कामावर कुणाला घ्यायचं हे सरपंच ठरवायचे. सगळ्यांनी माना खाली घातल्या. सरपंचांच्या माणसांनी ड्रायव्हरला सगळ्यांदेखत बडवला, वर चोरीची तक्रार केली. त्याची नोकरी गेली. वहिनी मरेपर्यंत माझ्याशी नीट बोलली नाही.

परवा सरपंचांच्या नातवाचा फोन आला. "काका, आजोबांच्या पुण्यतिथीला या. दुष्काळात त्यांनी गावाला पाणी कसं पाजलं ते सांगा. बघितलेले तुम्हीच उरलात."

"येतो," मी म्हणालो.

मी माफी मागायला जात नाही. माफी ज्याची मागायची, तो आता मला सापडायचा नाही. मला सरपंचांच्या हार घातलेल्या फोटोखाली उभं राहून, त्यांचं नाव घेऊन, पाणी कुणी चोरलं ते माइकवर सांगायचंय. चोरासाठी पाइप कुणी धरला होता तेही सांगेन. नातवाने सहकुटुंब पहिल्या रांगेत बसावं, अशी अट मी घातली आहे. त्याला तो आपला मान वाटला. आनंदाने हो म्हणाला.